प्रश्नचिन्हांची रोजनिशी

ज्या नोंदीत घटनेचा दिवस आहे, वेळ आहे, सेकंदाचा सहस्रांशसुद्धा आहे, कोणत्या यंत्रावर आणि कोणाच्या हुकमावरून ती घटना घडली याचा साद्यंत वृत्तान्त आहे, आणि ज्या एका गोष्टीसाठी आपण ती नोंद धुंडाळीत आलो तेवढी मात्र नाही, अशी नोंद निर्माण करण्याचे श्रेय माझ्या मते कोणत्याही सरकारी दप्तराकडे जात नसून संगणकाच्या लॉगकडे जाते. दप्तरातील कागद गहाळ होतो, त्याला वाळवी लागते, त्यावर चहा सांडतो. परंतु सारा मजकूर सुवाच्य अक्षरांत लिहून अर्जदाराच्या नावाच्या जागी तेवढे एक टपोरे प्रश्नचिन्ह काढलेला कागद एखाद्या अव्वल कारकुनाने निर्विकार चेहऱ्याने पुढे सरकवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. संगणक मात्र असे कागद अहोरात्र, लक्षावधींच्या संख्येने तयार करीत असतो, आणि हिंजवडी-खराडीच्या काचमहालांतून ज्यांची उपजीविका या यंत्रांच्या सेवेवर चालते असे सहस्रावधी मराठी तरुण-तरुणी ती प्रश्नचिन्हे न्याहाळण्यात आपल्या तारुण्याचा बराचसा भाग व्यतीत करतात.

विषय तांत्रिक खरा. पण त्याचे मर्म आपल्या पौरोहित्याच्या पोथीत आधीच नमूद असल्यामुळे वाचकाने बिचकण्याचे कारण नाही. पोथीतल्या संकल्पात यजमानाचे नाव वा गोत्र छापलेले नसते. तेथे 'अमुकगोत्र', 'अमुकशर्मा' एवढेच असते, आणि त्या शब्दापाशी येऊन गुरुजी थबकले व यजमानाकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहू लागले, की यजमानाने आपले खरे गोत्र उच्चारावे अशी अपेक्षा असते. (गोत्र ठाऊक नसल्यामुळे 'अमुकगोत्र' हेच भक्तिभावाने उच्चारणारे यजमान मी पाहिले आहेत, त्यांच्या पूजेचे फळ काही कमी झाले असावे असे त्यांच्या बंगल्यांवरून वाटत नाही.) डेटाबेसला विचारावयाचा प्रश्न, ज्याला रूढ भाषेत क्वेरी म्हणतात, तोही असाच आगाऊ सिद्ध करून ठेवता येतो. 'ज्या खातेदाराचे आडनाव अमुक आणि ज्याची थकबाकी अमुक रकमेहून अधिक, त्याची समग्र माहिती हजर कर,' हा मजकूर डेटाबेसला एकदाच ऐकवावा, त्याने त्याचे व्याकरण एकदाच तपासावे, आणि मग पाहिजे तितक्या वेळा केवळ अमुकांच्या जागी भरावयाच्या किमती, म्हणजे पॅरामीटर, तेवढे पाठवीत राहावे, अशी ही सोय आहे. जावा भाषेत अमुकाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहितात. ऑरॅकलमध्ये अपूर्णविराम देऊन पुढे एखादे नाव लिहितात. आणि पोस्टग्रेसमध्ये डॉलरचे चिन्ह काढून पुढे क्रमांक घालतात, कारण या धंद्यात डॉलर कोठे ना कोठे यावयाचाच.

ही सोय केवळ आळसापोटी निघाली असे मात्र कोणी समजू नये. ती नव्हती, किंवा असूनही कोणी वापरीत नव्हते, त्या काळी क्वेरीचा मजकूर आणि त्यात भरावयाचे नाव ही दोन्ही दोऱ्याला दोरा जोडावा तशी जोडून एकच लांबलचक वाक्य तयार करीत आणि ते डेटाबेसच्या स्वाधीन करीत. या वाक्यात नाव एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावे लागते, आणि हीच चाल वसईच्या वा म्हापशाच्या डि'सोझा कुटुंबीयांच्या मुळावर आली. कारण रोमन लिपीत त्यांच्या 'डी' पुढे जे इवलेसे चिन्ह पोर्तुगीजांच्या काळापासून विनातक्रार नांदत होते, त्यालाच डेटाबेस नावाचा शेवट समजे आणि उरलेल्या 'सोझा'ला एसक्यूएलची, म्हणजे क्वेरी ज्या भाषेत लिहितात तिची, अनोळखी आज्ञा समजून अर्ज साफ फेटाळून लावी. एक सज्जन गृहस्थ स्वतःचे नाव प्रामाणिकपणे लिहितो आणि त्यामुळे बँकेची प्रणाली कोलमडते, हे पाहून दुर्जनांच्या मनात जो विचार यावयाचा तो आलाच: नावाच्या जागी मुद्दामच असे काही लिहिले, की अवतरणचिन्ह मिटावे आणि पुढचा भाग आज्ञा म्हणून पाळला जावा, तर? या विद्येचे जाहीर विवेचन १९९८ च्या डिसेंबरात 'फ्रॅक' नावाच्या नियतकालिकात आले, आणि २००७ साली 'एक्सकेसीडी' या व्यंगचित्रमालिकेतील एका मातेने आपल्या मुलाचे नावच असे ठेवले, की शाळेने ते संगणकात भरताक्षणीच विद्यार्थ्यांचे टेबल नाहीसे झाले. प्रश्न वेगळा आणि किमती वेगळ्या पाठविल्या, की किमतीला कितीही कुटिल अवतरणचिन्हे असोत, ती किंमतच राहते. तिला आज्ञेच्या पंक्तीत पान मिळत नाही. अशा रीतीने डि'सोझांना न्याय मिळाला, आणि त्याच क्षणी लॉग वाचणाऱ्यांवर अन्याय सुरू झाला.

कारण लॉग हा स्वभावाने मोठा प्रामाणिक आहे. त्याला जे ऐकू आले ते तो लिहितो, आणि त्याला ऐकू येतो तो केवळ आगाऊ सिद्ध केलेला प्रश्न. साहजिकच रात्री अडीच वाजता प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीत, एखाद्या खातेदाराची थकबाकी उणे दिसू लागली आणि झोपेतून उठविलेला अभियंता डोळे चोळीत लॉग उघडून बसला, की त्याला 'ज्या खातेदाराचे आडनाव ? आणि ज्याची थकबाकी ? हून अधिक' असे आत्मज्ञानाच्या पातळीवरचे वाक्य वाचावयास मिळते. वेदान्त्यांनी 'तो कोण?' हा प्रश्न काही सहस्र वर्षे उत्तरावाचून चालविला. परंतु त्यांना सकाळी नऊच्या बैठकीत व्यवस्थापकापुढे उभे राहावयाचे नव्हते.

आता कोणी म्हणेल, की ज्या कार्यक्रमाने, म्हणजे प्रोग्रामने, त्या किमती भरल्या त्यालाच विचारावे. जावामध्ये या कामासाठी १९९७ सालापासून 'प्रिपेर्डस्टेटमेंट' नावाची एक सिद्ध वस्तू आहे. तिच्यात पहिली किंमत भरता येते, दुसरी भरता येते, तारीख भरता येते, शून्यवत् 'नल' भरता येतो. पण भरलेले पुन्हा बाहेर काढून दाखविण्याची पद्धत तिच्या करारनाम्यात ठेवलेलीच नाही. बरे, त्या वस्तूलाच शब्दरूप धारण करावयास सांगितले, तर पोस्टग्रेसचा ड्रायव्हर, म्हणजे कार्यक्रम आणि डेटाबेस यांच्यातला दुभाषा, सौजन्याने किमतींसकट वाक्य म्हणून दाखवितो, आणि ऑरॅकलचा ड्रायव्हर आपल्या वर्गाचे भारदस्त नाव उच्चारून पुढे एक सांकेतिक अंक जोडतो, ज्यातून एवढाच बोध व्हावा, की आपण आहोत, आणि याहून अधिक सांगण्याची आपली इच्छा नाही. शिवाय या जगात सर्व गणती शून्यापासून सुरू होत असता या एका ठिकाणी ती एकापासून सुरू होते. महाविद्यालयात चार वर्षे शून्यापासून मोजण्याचे संस्कार झालेला पदवीधर येथे येऊन पहिले प्रश्नचिन्ह शून्यावे समजतो, आणि त्याला जी चूक दाखविली जाते तिचा मथळा वाचून आपले संपूर्ण शिक्षण वाया गेले अशी त्याची खात्री पटते.

मग हाताने किमती भरण्याचा उद्योग आरंभ होतो. लॉगमधील प्रश्न उचलून दुसऱ्या खिडकीत ठेवावा, ज्या किमती असाव्यात असा संशय आहे त्या एका कागदावर लिहाव्या, आणि पडद्याला तर्जनी लावून एकेका प्रश्नचिन्हाच्या जागी एकेक किंमत बसवीत जावे. बारा-पंधरा प्रश्नचिन्हांच्या प्रश्नात मध्येच कोणीतरी 'चहाला येतोस का' असे विचारले, की तर्जनी एक घर चुकते, आणि त्यापुढची सारी मंडळी एकेक आसन सरकून बसतात: पिनकोडच्या जागी जन्मतारीख, जन्मतारखेच्या जागी शाखेचे नाव, आणि थकबाकीच्या रकान्यात खातेदाराचा भ्रमणध्वनी क्रमांक. ज्याचा भ्रमणध्वनी थकबाकी म्हणून वाचला गेला आहे असा मनुष्य एका क्षणात देशातील अग्रगण्य कर्जबुडव्या ठरतो, याची त्याला घरी निजल्याजागी कल्पनाही नसते.

या हस्तव्यवसायाला पर्याय नाही असे नाही. पर्याय इतके आहेत, की त्यांतला आपल्याला लागू कोणता हे कळेपर्यंत मूळ तक्रार कालबाह्य होते. हायबरनेट हे जावाचे लोकप्रिय साधन घ्या. त्याला प्रश्न दाखवावयास सांगणे सोपे आहे, आणि तो दाखवितोही. परंतु किमती हव्या असतील तर लॉगची पातळी 'डिबग'वरून 'ट्रेस'वर उतरवावी लागते, आणि तीही सबंध लॉगची नव्हे, तर एका विवक्षित, ठिपक्याठिपक्यांनी जोडलेल्या, खेडेगावच्या सातबाऱ्यावरील पूर्ण नावाइतक्या लांब अशा शाखेची. जुन्या आवृत्त्यांत या शाखेकडे किमती मागितल्या, तर ती पाठविलेल्या किमती सांगेच, पण उत्तरादाखल आलेली प्रत्येक ओळ, प्रत्येक रकाना, हेही न विचारता वाचून दाखवी. २०२२ साली सहावी आवृत्ती आली आणि त्या शाखेचे नाव बदलले. जुने नाव सेटिंगमध्ये तसेच राहिले तर कोणी हरकत घेत नाही, कोणी इशारा देत नाही. अस्तित्वात नसलेल्या शाखेला हुकूम पोचतो, ती तो शांतपणे ऐकते, आणि अभियंता पुन्हा प्रश्नचिन्हांकडे पाहत बसतो. मायबॅटिस नावाचे दुसरे साधन अधिक उदार. ते एका ओळीत प्रश्न आणि दुसऱ्या ओळीत किमती, प्रत्येकीपुढे कंसात तिचा प्रकार नमूद करून, न कुरकुरता लिहिते. फक्त सर्व्हरवर एकाच वेळी शेकडो कामे चालू असल्यामुळे या दोन ओळींच्या मध्ये तिसऱ्याच कामाच्या ओळी घुसतात, आणि थ्रेडचे, म्हणजे ओळ ज्या कामाची त्या धाग्याचे, नाव न पाहता वाचणाऱ्याला संकल्प एका यजमानाचा आणि गोत्र दुसऱ्याचे असा प्रकार आढळतो. ऑरॅकलच्या मंडळींचा थाट निराळाच आहे. त्यांच्याकडे '१००४६' या क्रमांकाची एक घटना आहे. ती चौथ्या पातळीवर जागृत केली तर किमती दिसतात, आठव्यावर प्रतीक्षेचा हिशेब दिसतो, आणि दोन्ही हवे असल्यास चार अधिक आठ अशी सरळ बेरीज करून बारावी पातळी मागावी लागते. हे वाचून अनेकांना गुप्त पंथाच्या दीक्षाविधीची आठवण होते, आणि ज्यांना हे आकडे मुखोद्गत आहेत त्यांच्या चालण्या-बोलण्यातही दीक्षिताचा डौल जाणवतो हे मला कबूल केले पाहिजे.

एवढेही जमले नाही तर हेर नेमण्याची सोय आहे. 'पी-सिक्स-स्पाय' या साधनाने आपला पेशा नावातच जाहीर केलेला असून, ते कार्यक्रम आणि ड्रायव्हर यांच्या मधोमध उभे राहते, जाणाऱ्या किमती चोरून पाहते आणि प्रश्नचिन्हांच्या जागी त्या भरून संपूर्ण वाक्य लॉगमध्ये लिहून ठेवते. वाक्य इतके नीटनेटके असते, की ते उचलून तसेच चालविण्याचा मोह अनावर होतो. येथे सुज्ञाने क्षणभर थांबावे. कारण प्रश्न आणि किमती विभक्त ठेवून जी भानगड दारातच अडविली होती, तिला या वाक्यात, त्या दोघांना पुन्हा एकत्र नांदावयास लावून, घरात घेतलेले असते. कोणी नावाच्या जागी कुटिल मजकूर भरला असेल, तर डेटाबेसने त्याला नाव मानून सोडून दिलेले असते, आणि तो लॉगमध्ये अशा एखाद्या उत्साही सेवकाची वाट पाहत बसलेला असतो, जो मध्यरात्री त्याला स्वहस्ते उचलून, सर्वाधिकार असलेल्या खात्यातून, पुन्हा डेटाबेसपुढे नेऊन उभा करील.

पण या सर्वांत माझे मन जर कोणी जिंकले असेल तर ते पोस्टग्रेसने. या डेटाबेसच्या तेराव्या आवृत्तीत, म्हणजे २०२० साली, किमतींच्या नोंदीसाठी दोन स्वतंत्र नियम आले. पहिला नियम सुरळीत पार पडलेल्या प्रश्नांचा: असा प्रश्न नोंदविला जात असेल, तर त्याच्या किमती मुळात पूर्णपणे लिहाव्यात. दुसरा नियम अपघातात सापडलेल्या प्रश्नांचा: अशा प्रश्नाच्या किमती मुळात मुळीच लिहू नयेत. म्हणजे ज्याचे सर्व काही ठीक चालले आहे त्याचा तपशील इत्थंभूत, आणि जो रस्त्यात पडला आहे त्याची ओळख पटविण्यास मात्र कोणी यावयाचे नाही. यामागे कारण आहे, आणि ते सबळ आहे: चूक झाल्यावर किमती सांगावयाच्या तर प्रत्येक प्रश्नाच्या आरंभीच, चूक होवो वा न होवो, त्या अक्षररूपात स्मरणात जपून ठेवाव्या लागतात, आणि तो भार सर्वांनाच सोसावा लागतो. तर्क निर्दोष आहे. रात्री अडीचला मात्र निर्दोष तर्काइतके संतापजनक दुसरे काही नसते. आणि याच डेटाबेसची आणखी एक लकब अशी, की सिद्ध प्रश्न पहिल्या पाच वेळा आला तर हा डेटाबेस प्रत्येक वेळी किमती पाहून त्या बेताने उत्तराचा मार्ग आखतो. सहाव्या वेळेपासून, सर्वांना सरसकट चालेल असा एक ठोकळेबाज मार्ग सरासरीने फारसा महाग पडत नाही असे त्याला वाटले, तर किमतींकडे न पाहता तोच वापरू लागतो. राज्याच्या रकान्यात 'महाराष्ट्र' आले तर कोट्यवधी ओळी आणि 'लक्षद्वीप' आले तर मूठभर, हा भेद त्या सरसकट मार्गाला माहीत नसतो. म्हणून प्रणालीत हळू चालणारा प्रश्न अभियंत्याने किमती भरून हाताने चालविला, की तो विद्युद्वेगाने उत्तर देतो, आणि 'माझ्याकडे तर व्यवस्थित चालते' हे या व्यवसायातील सर्वाधिक उच्चारले जाणारे वाक्य त्याच्या मुखातून आपसूक बाहेर पडते.

मराठी माणसाच्या वाट्याला या प्रकरणात एक खास उपहासही आला आहे. सर्व पातळ्या उतरून, सर्व शाखांना योग्य नावांनी हाका मारून, अखेर किंमत लॉगमध्ये उमटते, आणि पाहावे तो 'आडनाव ?' च्या जागी 'आडनाव ????????' असे लिहिलेले असते. झालेले असते इतकेच, की नाव देवनागरीत होते आणि वाटेत कोणीतरी पाश्चात्त्य युरोपापुरतीच मर्यादित अक्षरमाला वापरली. तिला जे अक्षर ठाऊक नाही त्याच्या जागी ती प्रश्नचिन्ह घालते. एका प्रश्नचिन्हाचा उलगडा करावयास निघालेल्या मनुष्याला आठ प्रश्नचिन्हे लाभावीत, यात प्रगती नाही असे कोण म्हणेल? मोजून घेतली तर निदान आडनाव 'मोरे' नव्हे, 'कुलकर्णी' असावे, एवढा कयास बांधता येतो. युनिकोडात काना-मात्रा-वेलांटी आणि हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र मोजले जातात हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच अर्थात.

मौनाचा असा कंटाळा आलेला मनुष्य मग दुसऱ्या टोकाला जातो आणि 'सर्व काही लिहा' असा सरसकट हुकूम सोडतो. लॉग तो हुकूम शब्दशः पाळतो. त्यात खातेदाराचे नाव येते, आधार क्रमांक येतो, आजाराचे निदान येते, आणि कोणी गुप्तशब्द भरला असेल तर तोही उघड्या डोळ्यांनी वाचता येईल अशा अक्षरांत येतो. २०१८ च्या मे महिन्यात ट्विटरने आपल्या यच्चयावत् ग्राहकांना गुप्तशब्द बदलण्याची विनंती केली. कारण ते सांकेतिक रूपात रूपांतरित होण्यापूर्वीच घरच्या एका लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते. त्या वेळी ग्राहकांची संख्या सुमारे ३३ कोटी होती. एवढ्या संख्येला एकाच वेळी साकडे घालण्याचा प्रसंग आजवर आपल्याकडे केवळ देवांच्या बाबतीत कल्पिला गेला होता. २०२१ च्या डिसेंबरात तर याहून अद्भुत प्रकार उघडकीस आला. लॉग लिहिण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'लॉगफोरजे' या जावाच्या साधनाला एक अशी सवय होती, की लिहावयास दिलेल्या मजकुरात विशिष्ट धाटणीचा पत्ता दिसला तर ते केवळ तो लिहून थांबत नसे. त्या पत्त्यावर जाई, तेथे जे मिळेल ते घरी आणी आणि चालवूनही पाही. नोंद करणाऱ्याने नोंदीतील आज्ञा पाळावयाची नसते, हे शहाणपण जगाला डिसेंबरच्या सुटीत शिकावे लागले, आणि असंख्य अभियंत्यांचा नाताळ कचेरीत साजरा झाला.

कायदेपंडितांनीही आपला वाटा उचलला आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने लॉग १८० दिवस देशाच्या हद्दीत जपून ठेवण्याचा निर्देश दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचा आग्रह असा, की हेतू सफल झाल्यावर व्यक्तीची माहिती उगाच बाळगू नये. दोन्ही आज्ञा शिरसावंद्य मानणाऱ्या अधिकाऱ्यांना यातून एकच मार्ग सुचला: किंमत लिहावी, पण ती तारकांनी झाकावी. परिणामी ज्या जागी पूर्वी प्रश्नचिन्ह होते तेथे आता तारकांची रांग दिसते. दृश्य अधिक नयनरम्य आहे. माहिती तेवढीच आहे.

यावर मध्यममार्गी मंडळींनी काढलेला तोडगा म्हणजे किंमत लिहावी, पण आखूड करून. पोस्टग्रेसच्या वर सांगितलेल्या नियमांत ही तजवीज आहे: प्रत्येक किमतीतून किती बाइट लिहावयाचे तेवढे सांगावे, उरलेल्याच्या जागी तो तीन टिंबे ठेवतो. एका कचेरीत, जिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, ही मर्यादा २४ ठरविण्यात आली, आणि रोमन लिपीत लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने ती ऐसपैस होती. चोवीस बाइटांत चोवीस अक्षरे बसतात. देवनागरीचे मात्र प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक वेलांटी तीन-तीन बाइट घेते. त्यामुळे 'श्रीमती' हा एक आदरार्थी शब्द २१ बाइट व्यापतो, पुढची मोकळी जागा आणखी एक, आणि शिल्लक राहिलेल्या दोन बाइटांत कोणत्याही मराठी स्त्रीच्या नावाचे आद्याक्षरसुद्धा मावत नाही. महिनाभर लॉगमध्ये एकामागून एक तक्रारी नोंदल्या गेल्या: 'श्रीमती ...', 'श्रीमती ...', 'श्रीमती ...'. महिनाअखेर अहवाल वरिष्ठांपुढे गेला. त्यांनी तो काळजीपूर्वक वाचला, एकट्या ग्राहकाने एवढ्या तक्रारी कराव्यात याबद्दल चिंता व्यक्त केली, आणि समासात लाल शाईने शेरा मारला, की सदर बाईंना कार्यालयात समक्ष बोलावून त्यांचे म्हणणे एकदाचे ऐकून घ्यावे.